हवामहालासमोरचा चहा

जयपूर : २५ जानेवारी २०२४ रोजी हवामहालाजवळ पंतप्रधान नरेंद्र मोदी आणि फ्रान्सचे अध्यक्ष इमॅन्युएल मॅक्रॉन यांनी चहा घेतला, पैसे मॅक्रॉन यांनी यूपीआयने चुकते केले. आठच दिवसांनी आयफेल टॉवरच्या तिकिटांसाठी ही सोय खुली झाली. मुत्सद्देगिरीत चहाही वाया जात नाही!

ग्राहकाची सुट्या पैशांची कटकट टळली. दुकानदारांवरील यूपीआय शुल्क तर केंद्राने जानेवारी २०२० मध्येच रद्द केले होते. व्यापाऱ्याची खरी धास्ती शुल्काची नसून नोंदीची आहे. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात याच नोंदींवरून जीएसटीच्या नोटिसा निघाल्या, तेव्हा बंगळुरूच्या छोट्या विक्रेत्यांनी क्यूआर कोड उतरवून ‘फक्त रोख’च्या पाट्या लावल्या. अखेर, नोंदणी करणाऱ्यांकडून जुनी वसुली न करण्याचे आश्वासन मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांना द्यावे लागले.