नदीमुखावरील बांध, वाळूचा प्रवाह आणि नवशिक्यांची लाट

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात डाना पॉइंट नावाचे किनारी शहर आहे. तेथे १९६६ मध्ये बंदरासाठी लाटरोधक बांध घालण्याचे काम सुरू झाले आणि १९७१ मध्ये बंदर खुले झाले. या बांधामुळे भूशिराजवळ उसळणारी, सर्फिंग करणाऱ्यांत ‘किलर डाना’ या नावाने प्रसिद्ध असलेली प्रचंड लाट कायमची नाहीशी झाली. बांधालगत, सान हुआन या छोट्या नदीच्या मुखाशी असलेली डोहेनी पुळण मात्र टिकून राहिली. बांधाच्या आडोशामुळे तेथील लाट मंद असते. फळीवर प्रथमच उभे राहू पाहणाऱ्या नवशिक्यांसाठी आज हे ठिकाण प्रसिद्ध आहे. एकाच बांधकामाने एक नैसर्गिक मूल्य नष्ट केले आणि दुसऱ्याला आसरा दिला. अर्थशास्त्रात अशा परिणामांना ‘बाह्यता’ म्हणतात. ज्याचा मोबदला कोणी देत नाही असा लाभ आणि ज्याची भरपाई कोणी करीत नाही अशी हानी, या दोहोंचा बाह्यतेत समावेश होतो. नदीमुखावरील बांधाच्या संदर्भात ही संकल्पना कशी लागू पडते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

लाट सौम्य कशी होते?

येथे जेटी म्हणजे बोटी लागण्याचा धक्का नव्हे. नदीचे मुख गाळाने बुजू नये म्हणून समुद्रात काढलेली दगडी भिंत, असा अर्थ येथे अभिप्रेत आहे. लाटेच्या उंचीच्या सुमारे १.३ पट इतकी पाण्याची खोली उरली की लाट फुटते. म्हणजे एक मीटर उंचीची लाट साधारणतः १.३ मीटर खोलीवर फुटते. तळ एकदम उथळ होत असेल तर लाट कमान करून कोसळते. तळाचा उतार मंद असेल तर ती फेसाळत, हळूहळू फुटत किनाऱ्याकडे येते. नदीने आणलेली व किनाऱ्यालगत वाहत आलेली वाळू बांधाशेजारी साचून असा मंद उतार तयार होऊ शकतो. शिवाय भिंत वाऱ्याला व मोठ्या लाटांना अडविते. नवशिक्याला अनुकूल जागा तयार होते ती या कारणांनी.

तथापि ही अनुकूलता सशर्त आहे. भिंतीला लागून पाण्याचा प्रवाह पुष्कळदा समुद्राकडे ओढतो. अनुभवी खेळाडू त्याचा उपयोग आत जाण्यासाठी करतात, परंतु नवशिक्याला तोच प्रवाह खोल पाण्यात नेतो. ओहोटीच्या वेळी नदीमुखातील ओढ वाढते. पावसानंतर शहरातील सांडपाणी नदीवाटे किनाऱ्यावर येते. म्हणून प्रशिक्षित मार्गदर्शक, जीवरक्षक व पाण्याची नियमित तपासणी यांवरील खर्च हा त्या लाटेच्या मूल्याचाच भाग मानला पाहिजे.

वाळूचा जमाखर्च

किनाऱ्याला तिरप्या येणाऱ्या लाटा वाळूला एका दिशेने पुढे ढकलत असतात. बांध हा प्रवाह अडवितो. परिणामी त्याच्या एका बाजूस वाळू साचते आणि दुसऱ्या बाजूस किनाऱ्याची धूप होते. ऑस्ट्रेलियातील ट्वीड नदी याचे बोलके उदाहरण आहे. न्यू साउथ वेल्स राज्यात असलेल्या या नदीच्या मुखावरील भिंती १९६० च्या दशकात वाढविण्यात आल्या. त्यांनी अडविलेल्या वाळूअभावी शेजारच्या क्वीन्सलँड राज्यातील गोल्ड कोस्टच्या दक्षिण भागातील पुळणी खंगल्या. लाभ एका राज्याचा आणि हानी दुसऱ्याची, असा हा प्रकार होता. अखेर १९९० च्या दशकात दोन्ही राज्यांत करार झाला आणि २००१ पासून कायमस्वरूपी यंत्रणेद्वारे वर्षाला सुमारे ५ लाख घनमीटर वाळू पंपाने नदीमुखापलीकडे नेली जाऊ लागली. त्या वाळूतून ‘सुपरबँक’ हा जगप्रसिद्ध वाळूचा दांडा आकारास आला. तेथील रेनबो बे परिसरात समुद्र शांत असताना नवशिक्यांचे वर्गही चालतात. मात्र सुरुवातीच्या काळात किरा येथील पुळण वाळूच्या अतिरेकाने बुजली व तेथील नामांकित लाट बिघडली. भरपाईचेही प्रमाण चुकू शकते, हा त्यातील धडा होय.

भारतीय अनुभव

आपल्या पूर्व किनाऱ्यावर वर्षभराचा विचार करता वाळूचा निव्वळ प्रवाह दक्षिणेकडून उत्तरेकडे आहे. चेन्नई बंदराच्या बांधांमुळे दक्षिणेस मरीना पुळण रुंदावली, तर उत्तरेस रोयापुरमच्या बाजूची धूप झाली. पुदुच्चेरीत १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात अरियांकुप्पम नदीच्या मुखाशी बांध घालण्यात आले. पुढे वाळू नेण्याची व्यवस्था पुरेशी न चालल्याने शहराची पुळण नाहीशी झाली. तिच्या जागी दगडी भिंत आली आणि धूप उत्तरेकडे सरकत तमिळनाडूतील मच्छीमार गावांपर्यंत पोहोचली. ट्वीडप्रमाणे येथेही हानीने प्रशासकीय सीमा ओलांडली. पुढे राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने २०१८-१९ मध्ये पाण्याखाली कृत्रिम खडक बसविल्यावर शहराच्या पुळणीचा काही भाग परत आला. केरळमधील मुतलप्पोळी येथे बंदराच्या दोन बांधांमध्ये वाळू साचून लाटा उसळतात. तेथे होड्या उलटून अनेक मच्छीमारांचे प्राण गेले आहेत. २०२५ च्या एप्रिलमध्ये तर वाळूने हे मुखच बंद झाले. वाळूचा जो दांडा एका ठिकाणी क्रीडेला पोषक ठरतो, तोच दुसऱ्या ठिकाणी जीवघेणा ठरतो.

दुसरीकडे, सर्फिंग हे किनारी रोजगाराचे नवे साधन बनत आहे. कर्नाटकातील मुलकी येथे २००४ पासून प्रशिक्षण सुरू झाले. चेन्नईजवळच्या कोवलम् येथे मच्छीमार कुटुंबांतील तरुण प्रशिक्षक झाले आहेत. २०२५ मध्ये आशियाई अजिंक्यपद स्पर्धा महाबलीपुरम येथे पार पडली. या व्यवसायाचे भांडवल म्हणजे लाट व पुळण. दोन्ही सार्वजनिक स्वरूपाची असल्याने बाजार त्यांची किंमत ठरवीत नाही आणि प्रकल्प अहवालात त्यांची नोंद सहज राहून जाते.

समारोप

राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राच्या १९९० ते २०१८ या कालखंडाच्या अभ्यासानुसार भारताच्या मुख्य भूमीचा सुमारे ३३.६ टक्के किनारा धुपीखाली आहे. सर्वच धूप बांधांमुळे होत नाही. परंतु जेथे ती बांधांमुळे होते, तेथे वाळू पुढे नेण्याचा कायमचा खर्च बांधकामाच्या मूळ अंदाजपत्रकातच धरला गेला पाहिजे आणि तो लाभधारकांनी उचलला पाहिजे. व्यय-लाभ विश्लेषणाची सीमा प्रकल्पाच्या कुंपणाशी किंवा राज्याच्या हद्दीशी न थांबता वाळू जेथवर जाते तेथवर गेली पाहिजे. तसे झाले तरच बांधाच्या एका बाजूस नवशिका फळीवर उभा राहत असताना दुसऱ्या बाजूच्या मच्छीमाराचे घर समुद्रात जाणार नाही.