वाहतं पान, राहतं पान

सोसायटीच्या ग्रुपवर सकाळी सेक्रेटरी टाकतात, 'आज १० ते १२ पाणी बंद, टाकी धुणार आहेत.' पाठोपाठ बी विंगमधल्या कुणाचा तरी वाढदिवस निघतो. केक, फुगे, जोडलेले हात यांची रांग लागते. सव्वादहाला अंगाला साबण लागलेला कोणीतरी ओल्या हातांनीच विचारतो, 'पाणी का गेलं?' मग सेक्रेटरी भडकतात आणि दुपारपर्यंत जुनी पार्किंगची भांडणंही वर येतात. खरं तर सूचना आणि गप्पा एकाच जागी कोंबल्या, इतकंच झालेलं असतं.

आधी बोलणं ओळखा

१९९६पासून चालू असलेल्या 'मायबोली' या मराठी संकेतस्थळानं हा प्रश्न व्हॉट्सॲप जन्माला येण्याआधीच सोडवला होता. तिथे गावागावांच्या मंडळींची गप्पांची पानं 'वाहती' असत: नवं आलं की जुनं आपोआप नाहीसं. ऑफिसातला वैताग, आज डब्यात काय, पोरांच्या परीक्षा हे सगळं तिथे. पाककृती, प्रवास, आजारपणातले अनुभव मात्र वेगळ्या धाग्यांवर, कायमचे. कुठलं ॲप घ्यायचं हा वाद घालण्याआधी आपलं बोलणं वाहतं आहे की राहतं, हे ठरवलं की निम्मं काम होतं.

वाहत्या बोलण्याला व्हॉट्सॲप उत्तम. सगळ्यांकडे आहे, आजीलाही येतं. घरच्या ग्रुपसाठी याहून जास्त डोकं चालवू नये. मेसेज २४ तासांनी, ७ दिवसांनी किंवा ९० दिवसांनी आपोआप पुसले जातील अशी सोयही त्यात आहे, म्हणजे वाहतं पानच. सोसायटीला २०२२मध्ये आलेली 'कम्युनिटी' बरी पडते: सूचनांच्या ग्रुपमध्ये फक्त ॲडमिन लिहितात आणि वाढदिवस शेजारच्या ग्रुपमध्ये साजरे होतात.

जुनं सापडतं का?

'चांगला प्लंबर आहे का कुणाकडे?' हा प्रश्न दर पावसाळ्यात नव्यानं येतो आणि तेच तिघे तोच नंबर पुन्हा टाकतात. व्हॉट्सॲपवर शोधता येतं, पण 'लीकेज' शोधलं तर तीन वर्षांतली सगळी लीकेज समोर येतात, आणि त्यातलं उत्तर कुठलं ते कळत नाही. अशा माहितीला विषयवार जागा हवी. फेसबुकच्या ग्रुपवर प्रत्येक प्रश्नाखाली त्याचीच उत्तरं राहतात. टेलिग्रामच्या ग्रुपमध्ये नव्या सदस्याला जुनं बोलणं दाखवता येतं. कधी कधी तर कुणीतरी सांभाळलेली एक साधी गूगल शीटही पुरते.

ऑफिसात याची किंमत मोठी असते. दर कुणी ठरवला, माल कधी पाठवायचा, हे साहेबांच्या रविवारच्या व्हॉइस नोटमध्ये अडकलेलं असतं. माणूस नोकरी सोडतो आणि सगळा इतिहास त्याच्या खिशातल्या फोनमधून निघून जातो. म्हणून निर्णय ईमेलवर, 'निघालोय, ट्रॅफिक आहे' व्हॉट्सॲपवर. छोट्या कंपन्या स्लॅक हे ऑफिसच्या बोलण्याचं ॲप घेतात. पण त्याच्या फुकट योजनेत मागच्या ९० दिवसांचंच बोलणं दिसतं, हे सहसा चौथ्या महिन्यात कळतं.

नंबर कुणाला दिसतो?

नात्यातल्या ग्रुपमध्ये हा प्रश्न नाही. ट्रेकिंगच्या किंवा पालकांच्या ग्रुपमध्ये मात्र आहे, बायकांना तर विशेष. टेलिग्रामवर नंबर लपवता येतो. सिग्नल ॲपवर खातं उघडायला नंबर लागतो, पण २०२४पासून तो न देता वापरकर्ता-नावानं बोलता येतं. गुप्ततेबद्दल एक गैरसमजही आहे: टेलिग्राम जास्त गुप्त, असं लोक छातीठोकपणे सांगतात. तिथलं नेहमीचं बोलणं दोन टोकांमध्ये कुलूपबंद नसतं. 'सीक्रेट चॅट' वेगळं उघडावं लागतं आणि ते ग्रुपला मिळतच नाही. व्हॉट्सॲपवर हे कुलूप २०१६पासून आपोआप लागतं.

ॲडमिनवर किती जबाबदारी?

ग्रुपमध्ये कुणी काही भलतं टाकलं तर ॲडमिनला पोलीस नेतील, ही भीती घरोघरी आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१मध्ये म्हटलं की समान हेतू असल्याशिवाय सदस्याच्या मजकुरासाठी ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही. ही भीती नको, पण ॲडमिन दोन असावेत. एकाचा फोन बिघडला की सोसायटी मुकी होते.

जागाच बंद झाली तर

ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ला बंद झालं, याहू ग्रुप्स डिसेंबर २०२०मध्ये. फुकटच्या जागेचं हे असंच चालतं. म्हणून राहत्या पानांची एक प्रत आपल्याकडे ठेवावी: व्हॉट्सॲपवर 'एक्स्पोर्ट चॅट' आहे, शीट उतरवून घेता येते. ग्रुप दुसरीकडे हलवायचाच असेल तर जुना लगेच पुसू नये. महिनाभर तिथे फक्त ॲडमिनला लिहू द्यावं आणि नव्या ग्रुपची लिंक वर पिन करून ठेवावी. नाहीतर अर्धी मंडळी जुन्याच ग्रुपवर गुड मॉर्निंग करत बसतात.