एका दिवशी एकच घाट

सह्याद्रीतून गाडीने फिरायचं तर किलोमीटर मोजून काही हाती लागत नाही. महाबळेश्वर ते पोलादपूर हे अंतर ४० किलोमीटरच्या आसपास. महामार्गावर एवढ्यात चहाचीही आठवण होत नाही. आंबेनळी घाटात मात्र त्याला दीड तास धरायचा, पुढे भरलेला ट्रक लागला तर दोन, आणि वाटेत प्रतापगड चढून यायचं असेल तर अर्धा दिवस गेलाच म्हणून समजा. त्यामुळे आमच्या घरात आठवडाभराच्या सहलीचा बेत शिजायला लागला की ‘किती लांब?’ हा प्रश्न कोणी विचारत नाही. कुठून उतरायचं आणि कुठून चढायचं, एवढ्यावरच वाद होतात.

नकाशा पसरला की याचं कारण दिसतं. पूर्वेला पुणे, सातारा, कराड, कोल्हापूर असा ४८ क्रमांकाचा महामार्ग. पश्चिमेला कोकणातून गोव्याकडे जाणारा ६६ क्रमांकाचा. दोन्ही साधारण समांतर उत्तर-दक्षिण धावतात, मध्ये डोंगराची भिंत. शिडीच्या दोन उभ्या बांबूंसारखे हे महामार्ग आणि त्यांच्यामधल्या पायऱ्या म्हणजे घाट: वरंधा, आंबेनळी, कुंभार्ली, आंबा, अणुस्कुरा, भुईबावडा, करूळ, फोंडा, आंबोली. नावं वाचतानाच हाव सुटते. मेहुण्यांनी पहिल्याच रात्री कागदावर सकाळी एका घाटाने खाली, दुपारी दुसऱ्याने वर असा कार्यक्रम आखला होता. कागदावर तो सुरेख दिसत होता. पण घाटात गाडी चालवणारा दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून फक्त पुढच्या वळणाकडे बघत असतो, मागच्या सीटवरची मुलं पिशवी शोधत असतात, आणि दरी बघायला थांबावं तर मागून हॉर्न. दिवसाला एकच घाट, तोही उजेडात, हा नियम मी त्या कागदावर वरच लिहून टाकला. मेहुणे नाराज झाले. त्यांच्या बायकोने मात्र मान डोलावली, कारण गाडी लागते ती तिला.

पुढची पायरी महिना ठरवण्याची. जुलै-ऑगस्टमधला घाट फोटोत देखणा असतो, पण बेत आखणाऱ्याला तो अजिबात आवडत नाही. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरात २४ तासांत जवळजवळ ६०० मिलिमीटर पाऊस पडला. त्याच दिवसांत चिपळूण पुराच्या पाण्यात होतं, महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली आणि आंबेनळीचा रस्ता जागोजागी वाहून गेला. वरंधा तर पावसाळ्यात बंद ठेवण्याचे आदेश वरचेवर निघतात. म्हणून गणपती आणि त्यांच्यासोबतची कोकणातली गर्दी ओसरू द्यायची आणि ऑक्टोबर पकडायचा. तेव्हा धबधबे बारीक होतात हे खरं. पण ढग वर सरकलेले असतात, खाली भातखाचरं पिवळी पडत असतात, आणि दरी आहे हे दरी बघूनच कळतं, कठड्यावरून नाही. दिवाळीच्या पुढे मात्र जायचं नाही. कोल्हापूरकडे उसाचा हंगाम सुरू झाला की संध्याकाळनंतर रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर येतात, कित्येकांना मागे लाल दिवा नसतो. घाटातल्या दरडीपेक्षा मला त्यांची धास्ती जास्त.

मग फोन. बेताच्या कामातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच. फोनवरचा नकाशा रस्ता दाखवतो, तो गेल्या पावसात खचला की नाही हे त्याला माहीत असेलच असं नाही. शिवाय त्याला जवळची वाट फार आवडते, आणि डोंगरात जवळची वाट म्हणजे बहुधा कुठल्या तरी वाडीच्या अंगणात संपणारी. माणसांना विचारावं, पण ‘रस्ता कसा आहे?’ असं विचारू नये. त्याला सगळे ‘चांगला आहे’ म्हणूनच उत्तर देतात. आपल्या गावच्या रस्त्याला नावं कोण ठेवेल? ‘एसटी जाते का?’ असं विचारावं. लाल डब्याची लांबी ज्या वळणावर मावते, तिथे आपली गाडी मावतेच. एसटी बंद होऊन फक्त वडापच्या जीपगाड्या चालू असतील तर रस्ता अरुंद झालाय किंवा एका बाजूने खचलाय, असं धरून चालायचं. वडापवालेही जात नसतील तर विषय संपला. गगनबावड्याच्या एका खानावळीत फोन लावला तेव्हा पलीकडून भांड्यांच्या आवाजात उत्तर आलं, “चालू हाय की सायेब. सकाळचीच एसटी गेली खाली.” एवढी बातमी कुठल्याही नकाशावर मिळाली नसती.

गगनबावड्याची चौकशी विशेष करायची, कारण तिथून दोन फाटे फुटतात, एक करूळचा आणि एक भुईबावड्याचा. २०२४ मध्ये करूळ घाट रुंदीकरणासाठी बराच काळ बंद होता आणि वाहतूक दुसऱ्या घाटांकडे वळवली होती. अशा वेळी पर्यायी घाटाची रुंदी तीच राहते, गाड्या तेवढ्या वाढतात.

आमचा बेत अखेर असा उतरला: खंबाटकी चढून सुरूर फाट्याला वळायचं, वाईहून पसरणी घाटाने पाचगणी आणि महाबळेश्वर. दुसरा दिवस तिथेच मोकळा. या मोकळ्या दिवसावर बरीच टीका झाली. “महाबळेश्वर काय, दहा वेळा झालंय,” इति मेहुणे. पण मोकळा दिवस नेहमी पहिल्या मोठ्या घाटाच्या आधी ठेवावा. आंबेनळी बंद निघाला तर त्याच दिवशी साताऱ्याकडे उतरून पाटणमार्गे कोयनानगर गाठता येतं, पुढची आरक्षणं वाया जात नाहीत. कास पठार मी वगळलं. फुलांच्या दिवसांत तिथे आधी नोंदणी करावी लागते, आणि ऑक्टोबर पुढे सरकला की फुलं उतरणीला लागतात. तेवढ्यासाठी वाकडी वाट नको.

तिसऱ्या दिवशी आंबेनळी उतरून चिपळूण मुक्काम. वाटेतल्या कशेडीला आता बोगदा आहे. चौथा दिवस माझा आवडता. चिपळूणहून निघालं की कुंभार्ली घाटाच्या पायथ्याला पोफळी लागतं. कोयना धरणातलं पाणी डोंगर पोखरून केलेल्या बोगद्यांतून इथे पश्चिमेला उतरवलंय आणि जमिनीखालच्या वीजगृहात त्याच्यावर वीज तयार होते. सगळे टप्पे धरून कोयना प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॉट. पूर्वेला जाणाऱ्या नदीचं पाणी घाट उतरून कोकणातल्या वाशिष्ठीला मिळतं, आणि आपण तोच घाट उलट चढत हेळवाकला पोचतो. महाबळेश्वरात उगम पावलेली कोयना दक्षिणेकडे वाहत येऊन इथे एकदम पूर्वेकडे वळते. पुढे कराडपर्यंत रस्ता तिच्या सोबतीने जातो. कराडला प्रीतिसंगमावर ती कृष्णेला मिळते, आणि कृष्णाही महाबळेश्वरचीच. आईची एकमेव अट प्रीतिसंगमाची होती. ती अशी सहज बसली म्हणून मेहुण्यांचा आंबा घाटाचा आग्रह मी मोडून काढू शकलो. आंबा मात्र कागदावरून खोडला नाही, कंसात ठेवला. कुंभार्ली बंद झाला तर चिपळूणहून ६६ नेच खाली हातखंब्यापर्यंत यायचं आणि साखरप्यावरून आंबा घाट चढून कोल्हापूर गाठायचं. चांगल्या बेतात प्रत्येक घाटाला असा एक कंसातला घाट असतो.

कोल्हापूरच्या मुक्कामाबद्दल लिहायची गरज नाही. तिथे काय खायचं यावर घरात एकमत होतं आणि असं दुसऱ्या कुठल्याच मुद्द्यावर झालं नाही. पुढे गगनबावडा, करूळने खाली वैभववाडी, तिथून सावंतवाडी, आणि शेवटची चढण आंबोली. हिरण्यकेशीच्या उगमाजवळ एक छोटा मासा सापडला, त्याला नदीचंच नाव मिळालं, आणि २०२१ मध्ये ती जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. पावसाळ्यात आंबोलीच्या धबधब्याशी शनिवार-रविवारी गाडी उभी करायला जागा नसते. ऑक्टोबरात मिळेल.

गाडीची तयारी फार नाही, पण ब्रेक पॅड तपासून घ्यायचे आणि स्टेपनीत हवा भरायची. टाकी अर्धी झाली की पुढच्या पंपाची वाट न बघता भरायची, आणि सुटे पैसे वेगळ्या पाकिटात, कारण रेंज नसली की क्यूआर कोड नुसता चिकटवलेला राहतो. मुलांना नाश्ता घाट चढण्याआधी नाही, चढल्यावर. तोपर्यंत आल्याच्या वड्या. चालवणाऱ्यांत मी आणि मेहुणे, म्हणून दोघांसाठी दोन गोष्टी ठरल्या. ज्या गिअरवर चढण चढली असती त्याच गिअरवर उतरायचं, पाय सतत ब्रेकवर ठेवायचा नाही. आणि समोरून चढती गाडी आली तर उतरत्याने थांबायचं, मग ती कितीही लहान असो.

राहिला परतीचा दिवस. आंबोलीहून आजरा, संकेश्वर आणि मग ४८, साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. यात घाट असा नाही, खंबाटकीलाही पुण्याकडे येताना बोगदा आहे. अडचण खेड-शिवापूरच्या टोलनाक्याची. रविवारी संध्याकाळी निम्मं पुणे कुठून तरी परत येत असतं आणि त्या रांगेत सगळ्या घाटांचा शीण एकदम निघतो. म्हणून आम्ही मंगळवारी निघतोय आणि सोमवारी परततोय. मेहुण्यांना एक सुट्टी जादा टाकावी लागली. त्यावरून ते अजून कुरकुरतायत, पण अर्ज दिलाय.