माप कुणाच्या हाती?

मंगळवेढा हे ज्वारीचे गाव. इथल्या काळ्या, खोल जमिनीत पिकणाऱ्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण त्याच्या कितीतरी आधीपासून धान्य आणि माप या दोन गोष्टींवर इथली माणसे बोलत आली आहेत. शेर, पायली, मण हे शब्द जुन्या माणसांच्या तोंडी अजून आहेत. माप शिगोशीग भरले की वरून हात फिरवून सपाट केले, यावरून बाजारात होणारी भांडणेही त्यांना आठवतात. सध्या घरोघरी तशीच चर्चा विजेच्या मापावरून चालली आहे. विषय आहे स्मार्ट मीटर.

विजेच्या कामाशी माझा बरीच वर्षे संबंध आला, म्हणून शेजारीपाजारी मलाच विचारतात. कट्ट्यावर, देवळापाशी, पिठाच्या गिरणीत जी मते कानावर पडली, ती साधारण चार प्रकारची आहेत. पहिले, "नवा मीटर पळतो, बिल वाढते." दुसरे, "पैसे संपले की रात्री-अपरात्री दिवे घालवतील." तिसरे मत उलटे आहे. पोटासाठी पुण्याला गेलेल्या कुटुंबांच्या घराला कुलूप असते, मीटर घरात असतो आणि सरासरीचे बिल येत राहते. अशी माणसे म्हणतात, "बसू द्या एकदाचा, निदान खरा आकडा तरी येईल." चौथे मत बहुतेक बायकांकडून ऐकले आणि मला ते सर्वांत नेमके वाटले. "जुन्या मीटरची चकती फिरताना दिसायची. आता त्याच्या पोटात काय चालते ते आम्हाला कसे कळावे?"

चकतीच्या मीटरमध्ये ॲल्युमिनियमची एक पातळ तबकडी असे. घरात वीज जितकी जास्त, तितकी ती वेगात फिरे. इस्त्री लावली की चकती धावते आणि बंद केली की मंदावते, हे पोरांनाही दिसायचे. पुढे इलेक्ट्रॉनिक मीटर आले. त्यांत फिरणारे काही नव्हते. आतले मंडळ विजेचा दाब आणि प्रवाह मोजून गुणाकार करते आणि आकडा दाखवते. स्मार्ट मीटर मोजतो तो याच पद्धतीने. त्यात तीन गोष्टींची भर पडली आहे. एक घड्याळ, त्यामुळे अर्ध्या-अर्ध्या तासाचा वापर वेगळा नोंदला जातो. एक मोबाइलसारखी संपर्काची सोय, त्यामुळे आकडा आपोआप कचेरीत पोचतो. आणि आतच बसवलेला एक स्विच, त्यामुळे वीज दुरूनही बंद-चालू करता येते. लोकांच्या बहुतेक शंका या तीन गोष्टींतूनच निघतात.

मग बिल का वाढते? सगळ्याच घरांत वाढत नाही, पण जिथे वाढते तिथे कारणे शोधता येतात. जुन्या चकतीचे टेकू झिजलेले असतात, धूळ बसलेली असते. अशी चकती थोड्या विजेवर हलतच नाही. इलेक्ट्रॉनिक मीटरला ती थोडी वीजही दिसते. टीव्हीचा सेट टॉप बॉक्स रात्रंदिवस चालू राहिला आणि त्याला दहा वॅट लागत असले, तर महिन्याला सात युनिट होतात. पहिल्या १०० युनिटांचा दर सर्वांत कमी आणि १०१ ते ३०० पर्यंतच्या युनिटांचा बराच जास्त असतो. त्यामुळे ९८ युनिटांवर थांबणारे घर १०५ वर गेले, तर वरच्या पाच युनिटांना तो जास्तीचा दर पडतो.

दुसरे कारण जुन्या वाड्यांत हमखास सापडते. एका वाड्यात तीन बिऱ्हाडे, तीन मीटर, आणि आतल्या वायरिंगमध्ये न्यूट्रलची तार सगळ्यांची एकच. आपल्याकडचे आताचे मीटर वीजचोरी पकडण्यासाठी फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारांतला प्रवाह पाहतात आणि जो जास्त असेल तो मोजतात. शेजाऱ्याचा परत जाणारा प्रवाह तुमच्या न्यूट्रलमधून गेला, तर तो तुमच्या नावावर चढतो. इथे मीटर बिघडलेला नसतो आणि घरमालक खोटेही बोलत नसतो. दोष वायरिंगचा असतो. चांगला वायरमन न्यूट्रल वेगळे करून देतो.

तिसरे कारण हिशेबाचे. आधीचे काही महिने सरासरीचे बिल कमी आले असेल, तर मीटर बदलताना जुन्याचा शेवटचा आकडा नोंदला जातो आणि राहिलेला सगळा फरक एकदम पुढच्या बिलात येतो. घरच्यांना वाटते, नवा मीटर आला आणि बिल फुगले. म्हणून जुना मीटर काढण्यापूर्वी त्याचा क्रमांक आणि शेवटचा आकडा दिसेल असा फोटो घरातल्या कुणीतरी काढून ठेवावा. पुढे वाद झालाच, तर हा फोटो कामाला येतो.

आता दिवे घालवण्याची भीती. ती हवेतून आलेली नाही. केंद्र सरकारने २०२१ मध्ये वीज वितरणाच्या सुधारणेची योजना मंजूर केली, तेव्हा देशभरात २५ कोटी प्रीपेड स्मार्ट मीटर बसवण्याचे उद्दिष्ट ठरले. म्हणजे मोबाइलसारखे आधी पैसे भरा, मग वीज वापरा. महावितरणने २०२३ मध्ये सुमारे सव्वादोन कोटी मीटरांची कंत्राटे दिली. लोकांतून विरोध झाला आणि जून २०२४ मध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री व ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सामान्य घरगुती ग्राहकांना प्रीपेड मीटर बसवणार नाही, असे जाहीर केले. त्यानंतर जे मीटर बसू लागले त्यांना टीओडी मीटर हे नाव मिळाले. त्यांत बिल पूर्वीसारखेच, आधी वापर आणि मग पैसे. मात्र यंत्र तेच आहे, उद्या ते प्रीपेड करता येईल, असा आक्षेप अनेकांनी घेतला आणि ती शंका निराधार म्हणता येत नाही. तंत्राच्या दृष्टीने असा बदल सोपा आहे.

पण कायदा काय सांगतो तेही माहीत असावे. नेहमीचे बिल असलेल्या ग्राहकाची वीज थकबाकीसाठी तोडायची तर वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. तोडणारा माणूस खांबावर चढला काय किंवा कचेरीत बटण दाबले काय, नोटीस चुकत नाही. शिडीऐवजी बटण आले म्हणून आपला हक्क कमी होत नाही.

"मीटर फुकट आहे," असे सांगितले जाते. ग्राहकाकडून बसवण्याचे वेगळे पैसे घेतले जात नाहीत, एवढे खरे. पण कंत्राटांनुसार दहा वर्षांच्या देखभालीसह एका मीटरचा खर्च सुमारे १२ हजार रुपये धरला आहे. त्यात महाराष्ट्रासारख्या राज्याला केंद्राचे अनुदान खर्चाच्या १५ टक्के, पण मीटरमागे ९०० रुपयांपेक्षा जास्त नाही. उरलेला खर्च वीज कंपनीच्या हिशेबात जातो आणि कंपनीचा हिशेब शेवटी दरात उतरतो. वेळच्या वेळी वाचन, कमी गळती, कमी चोरी यांतून हा खर्च भरून निघेल, असे योजनेचे गणित आहे. ते जमले तर दरावर भार येणार नाही, फसले तर येईल. म्हणून दर ठरवताना वीज नियामक आयोगापुढे जी जनसुनावणी होते, तिथे ग्राहक संघटनांनी हा प्रश्न लावून धरणे गरजेचे आहे.

फायद्याची बाजूही मोजून घेऊ. टीओडी म्हणजे दिवसाच्या वेळेप्रमाणे दर. १ जुलै २०२५ पासून असे मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून सवलत महावितरणने जाहीर केली. दिवसा सौर वीज भरपूर असते, तिचा वापर व्हावा हा त्यामागचा हेतू. महिन्याला १०० युनिट वापरणाऱ्या घरात या वेळेत ३० युनिट जळत असतील, तर ८० पैशांनी २४ रुपये वाचतात. घरात पिठाची चक्की, पाण्याची मोटार, कपडे धुण्याचे यंत्र असेल आणि ती दुपारी चालवली, तर जास्त वाचतील. नवरा-बायको दोघेही सकाळी आठला कामावर जात असतील, तर फार हाती लागणार नाही. लाभ आहे, पण तो प्रत्येक घराचा वेगळा आहे.

अर्ध्या तासाच्या नोंदीची दुसरीही बाजू आहे. घर कधी उठते, कधी झोपते, कधी गावाला जाते, हे त्या आकड्यांवरून ओळखता येते. नेदरलँड्समध्ये २००९ साली याच कारणावरून सक्तीच्या मीटरचा कायदा वरिष्ठ सभागृहात अडला आणि नंतर ग्राहकाला नकाराची मुभा ठेवावी लागली. आपल्याकडे या अंगाची चर्चा कमी झाली आहे.

तक्रारी केवळ आपल्याच आहेत असेही नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्ड भागात २००९ च्या उन्हाळ्यात स्मार्ट मीटर बसल्यावर बिले वाढल्याची ओरड झाली. तिथल्या आयोगाने त्रयस्थ तपासणी करवली. २०१० च्या अहवालात मीटर बरोबर मोजतात असे निघाले. उन्हाळा कडक होता, दरही वाढले होते. पण त्याच अहवालाने कंपनीला बोल लावला, कारण तक्रारी घेऊन आलेल्या ग्राहकांना तिने नीट उत्तरे दिली नव्हती. मे २०२४ मध्ये गुजरातेत वडोदऱ्याला प्रीपेड मीटरविरुद्ध लोक रस्त्यावर आले, तेव्हा पडताळणीसाठी जुन्या पद्धतीचा मीटर जोडीला लावून दाखवण्याचा मार्ग काढावा लागला. दोन्ही ठिकाणी लोकांना आकडा पटवून घ्यायचा होता. नुसते "यंत्र चुकत नाही" एवढ्यावर कुणाचे समाधान झाले नाही.

पडताळणीचा हा मार्ग आपल्यालाही खुला आहे. केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये दुरुस्ती झाली. मीटरचा आकडा वापराशी जुळत नाही अशी तक्रार केल्यास पाच दिवसांत दुसरा मीटर जोडीला बसवायचा आणि किमान तीन महिने दोन्हींचे आकडे ताडून पाहायचे, असे त्यात म्हटले आहे. तक्रार लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. तिथे दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल आहे.

तक्रारीच्या आधी घरच्या घरी दोन तपासण्या करता येतात. पहिली, घराचा मेन स्विच बंद करा आणि मीटरवरचा लाल दिवा पाहा. तो लुकलुकत राहिला, तर मीटर आणि मेन स्विचच्या मधे काहीतरी गडबड आहे, वायरमनला बोलवा. दुसरी तपासणी मापाची. मीटरवर एका युनिटला दिवा किती वेळा लुकलुकतो ते छापलेले असते, बहुतेक मीटरांवर ३२००. तुमच्या मीटरवर वेगळा आकडा असेल तर तो धरा. घरातले बाकी सगळे बंद करा, बादलीभर पाण्यात १००० वॅटचा रॉड ठेवून चालू करा आणि घड्याळ लावून सहा मिनिटे लुकलुक मोजा. पाण्याला हात लावू नका. सहा मिनिटांत एक दशांश युनिट वीज जळते, म्हणजे ३२०० च्या मीटरवर सुमारे ३२० लुकलुकी व्हायला हव्यात, जवळजवळ सेकंदाला एक. व्होल्टेज कमी असेल तर रॉडही कमी वीज घेतो, तेव्हा पावणेतीनशेच्या आसपास भरल्या तरी चिंता नाही. पण चारशेच्या वर गेल्या, तर तो आकडा तारखेसह लिहून ठेवा आणि तक्रारीला जोडा. चकती गेली, तरी तिचे काम हा लाल दिवा करतो. त्याच्याकडे पाहायला आपल्याला कुणी शिकवले नाही, एवढेच.

हे शिकवण्याचे काम मीटर बसवणाऱ्यांचे आहे. मीटर लावायला येणाऱ्या माणसाने घरातल्या बाईला दहा मिनिटे उभे राहून आकडा कुठे पाहायचा, लाल दिवा कशाचा, तक्रार कुठे करायची हे सांगितले, तर निम्मी कुजबुज थांबेल. ज्यांच्याकडे साधा फोन आहे, त्या म्हाताऱ्या माणसांना ॲप सांगून उपयोग नाही. त्यांना कागदावर आकडा हवा. आणि आजवर दारोदार जाऊन मीटर वाचणारी गावातलीच पोरे आता काय करणार, हा प्रश्नही घरांतून विचारला जातो. हे माहिती देण्याचे काम त्यांनाच दिले तर दोन्ही गोष्टी साधतील.

दामाजीपंतांच्या या गावाला हिशेबाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. दुष्काळात पंतांनी कोठारे लुटवली आणि विठ्ठलाने विठू महाराचे रूप घेऊन बेदरच्या दरबारी धान्याचे पैसे भरले, ही कथा इथे प्रत्येकाला ठाऊक आहे. त्या कथेत देवही पैसे भरून तसाच परतत नाही, पावती घेतो. तेव्हा नवा मीटर आला तर त्याच्याशी भांडत बसू नका आणि त्याच्यावर डोळे मिटून विश्वासही टाकू नका. दर महिन्याच्या ठरावीक तारखेला त्याचा आकडा कॅलेंडरवर लिहा, बिलाशी ताडून पाहा आणि जुळला नाही तर लेखी विचारा.