नवजात मेंदू-इजेवरील मूलपेशी उपचारांची सुरक्षितता चाचणी

जन्माच्या सुमारास मेंदूला इजा झालेल्या बालकास मूलपेशी अर्थात स्टेम सेल दिल्याने त्याला अपाय होतो का, हे तपासण्याच्या प्रक्रियेस या उपचारांची सुरक्षितता चाचणी असे म्हणतात. या चाचण्या प्रयोगशाळेतील तपासण्या, प्राण्यांवरील प्रयोग आणि मानवी चाचण्या अशा क्रमाने होतात. आतापर्यंतच्या मानवी चाचण्या अल्पसंख्य बालकांवर झाल्या असून हा उपचार अद्याप प्रायोगिक मानला जातो.

पार्श्वभूमी

प्रसूतीच्या वेळी बालकाच्या मेंदूस रक्त व प्राणवायू अपुरा मिळाल्यास हायपॉक्सिक-इस्केमिक एन्सेफॅलोपॅथी हा विकार होतो. काही बालकांत मेंदूची एखादी रोहिणी बंद पडून पक्षाघात होतो. यांतून वाचलेल्या बालकांना पुढे सेरेब्रल पाल्सी, अपस्मार किंवा बौद्धिक अक्षमता येऊ शकते. पहिल्या विकारावर जन्मानंतर सहा तासांच्या आत शरीराचे तापमान ३३ ते ३४ अंश सेल्सिअसपर्यंत उतरवून ते ७२ तास तसेच राखण्याचा उपचार श्रीमंत देशांत रूढ आहे. तरीही अनेक बालके दगावतात किंवा त्यांना अपंगत्व येते. त्यामुळे पूरक उपचारांचा शोध सुरू आहे.

मूलपेशींचे कार्य व संभाव्य धोके

या संशोधनात प्रामुख्याने नाळेतील रक्ताच्या पेशी आणि अस्थिमज्जा किंवा नाळेच्या ऊतीपासून मिळवलेल्या मेसेन्कायमल पेशी वापरल्या जातात. मेसेन्कायमल पेशी स्वतः चेतापेशी बनून मृत पेशींची जागा घेतात, असे मानले जात नाही. त्या स्रवत असलेल्या द्रव्यांमुळे दाह कमी होतो व मेंदूच्या स्वतःच्या दुरुस्तीस चालना मिळते, असे प्राण्यांवरील प्रयोगांतून दिसते.

संभाव्य धोके अनेक आहेत. पेशींच्या मिश्रणातून जंतुसंसर्ग होऊ शकतो. शिरेतून दिलेल्या पेशी फुफ्फुसांतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकू शकतात. दात्याच्या पेशींविरुद्ध बालकाचे शरीर प्रतिपिंडे तयार करू शकते. गाठ होण्याची शक्यताही तपासावी लागते, आणि ती लगेच दिसत नसल्याने दीर्घकाळ पाठपुरावा आवश्यक ठरतो.

चाचणीचे टप्पे

प्रत्येक साठ्यातील पेशींची ओळख, जिवंत पेशींचे प्रमाण, निर्जंतुकता व गुणसूत्रांतील दोष प्रथम तपासले जातात. त्यानंतर प्राण्यांमध्ये मात्रा, देण्याचा मार्ग व गाठी होण्याची शक्यता अभ्यासली जाते. पहिल्या टप्प्यातील मानवी चाचणीत मोजक्या बालकांना पेशी देऊन नाडी, श्वसन, तापमान, रक्तातील दाहनिर्देशक व मेंदूचे एमआरआय चित्र पाहिले जाते. गंभीर आजारी नवजात बालकांत झटके, संसर्ग व मृत्यू मूळ आजारानेही घडतात. म्हणून एखादी प्रतिकूल घटना उपचारामुळे घडली की आजारामुळे, हा निर्णय केवळ उपचार करणाऱ्यांवर न सोडता स्वतंत्र देखरेख समितीही त्याचा आढावा घेते.

प्रमुख चाचण्या

अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाने २०१४ साली २३ बालकांना त्यांच्याच नाळेतील रक्ताच्या पेशी दिल्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. पेशी न मिळालेल्या ८२ बालकांच्या तुलनेत त्यांची स्थिती चांगली दिसली. मात्र गटवाटप यादृच्छिक नव्हते, त्यामुळे हा फरक पेशींमुळेच पडला असे म्हणता येत नव्हते. पुढील यादृच्छिक चाचणी ३५ बालकांची नोंदणी झाल्यावर थांबली व तीत फायदा सिद्ध झाला नाही.

नेदरलँड्समधील उट्रेख्त येथील ‘पॅशन’ चाचणीत जन्माच्या सुमारास पक्षाघात झालेल्या १० बालकांना अस्थिमज्जेतील मेसेन्कायमल पेशी नाकात थेंबांच्या रूपाने देण्यात आल्या. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार एका बालकास सौम्य ताप आला व तो उपचाराविना उतरला. उपचारामुळे गंभीर प्रतिकूल घटना घडल्याचे आढळले नाही. तीन महिन्यांनंतरच्या एमआरआयमध्येही अनपेक्षित दोष दिसला नाही. ड्यूक विद्यापीठाच्या २०२३ मधील आणखी एका अभ्यासात सहा बालकांना दात्याच्या नाळेच्या ऊतीतील पेशी दिल्या गेल्या. सर्व बालके वाचली, मात्र सहापैकी पाच जणांत वर्षभरात ऊती-प्रतिजनांविरुद्धची प्रतिपिंडे आढळली.

निष्कर्षांचा अर्थ व मर्यादा

दहा बालकांत एकही गंभीर घटना न घडणे म्हणजे धोका शून्य असणे नव्हे. संख्याशास्त्रानुसार अशा वेळी खरा धोका सुमारे २६ टक्क्यांपर्यंत असण्याची शक्यता ९५ टक्के विश्वासपातळीवर नाकारता येत नाही. सलग ३०० बालकांत एकही घटना घडली नाही, तर ही मर्यादा सुमारे एक टक्क्यावर येते. त्यामुळे पहिल्या टप्प्यातील ‘सुरक्षित’ हा शब्द ‘पुढील चाचणी करण्यास हरकत नाही’ एवढ्याच अर्थाने घेतला जातो. उपचार गुणकारी असल्याचे त्यातून सिद्ध होत नाही.

एका ठिकाणी सुरक्षित ठरलेला उपचार दुसरीकडे तसाच ठरेल असेही नाही. याचे उदाहरण तापमान उतरवण्याच्या उपचारातच मिळते. भारत, श्रीलंका व बांगलादेश येथील ४०८ बालकांवरील ‘हेलिक्स’ चाचणीत (२०२१) हा उपचार मिळालेल्या गटात ४२ टक्के, तर न मिळालेल्या गटात ३१ टक्के बालके दगावली. मृत्यू किंवा अपंगत्व यांच्या एकत्रित प्रमाणातही घट झाली नाही. तुलनागट नसता तर हे मृत्यू मूळ आजाराचेच मानले गेले असते.

भारतातील नियमन

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्तविकारांसारख्या मान्य आजारांतील रक्तजनक मूलपेशींचे प्रत्यारोपण वगळता रुग्णांवरील मूलपेशींचा वापर प्रायोगिक समजला जातो. तो नीतिसमितीच्या व नियामक यंत्रणेच्या मान्यतेने, चाचणीच्या स्वरूपातच करता येतो. नवजात बालकाच्या बाबतीत संमती पालक देतात. प्रसूतीनंतरच्या काही तासांत, तणावाच्या स्थितीत हा निर्णय घ्यावा लागत असल्याने उपचार प्रायोगिक असल्याचे त्यांना समजेल अशा भाषेत सांगणे हा चाचणीचा आवश्यक भाग आहे.