बाळंतिणीची धाप

बाळंतिणीस धाप लागली, पायांवर सूज आली, म्हणजे घरांतील वडील मंडळी तो बाळंतपणाचा अशक्तपणा समजून शेक-शेगडीवर भिस्त ठेवितात. परंतु उताणें निजतां जीव घुसमटणें, रात्रीं खोकल्यानें उठून बसावें लागणें, हीं लक्षणें हृदयविकाराचीं असूं शकतात. 'पेरिपार्टम कार्डिओमायोपथी' या विकारांत पूर्वीं निरोगी असलेल्या स्त्रीच्याहि हृदयाचा स्नायु दुर्बल होतो व फुप्फुसांत पाणी सांचूं लागतें. प्रसूतीपूर्वींचा अखेरचा महिना व नंतरचे ५ महिने हा त्याचा काळ डेमाकिस व रहिमतुला या डॉक्टरांनीं १९७१ सालीं नमूद केला. 'इको' तपासणीनें निदान होतें. वेळेवर उपचार झाल्यास पुष्कळ स्त्रियांचें हृदय सुधारतें. मात्र पुढील गर्भधारणेपूर्वीं हृदयतज्ज्ञांचा सल्ला अवश्य घ्यावा. लेकीस वा सुनेस आडवें होववत नसेल, तर सकाळची वाट न पाहतां तिला रुग्णालयांत न्यावें.