गळालाही नंबर असतो, बरं का!

वीकएण्ड म्हणजे मॉल, मल्टिप्लेक्स आणि रविवारी रात्री सोमवारचं टेन्शन. तुमचंही असंच आहे ना? मग दसरा-दिवाळीच्या मधला एखादा शनिवार पाण्याकाठी घालवून बघा. मी तो मामाच्या गावी, म्हसवडला घालवला. “माण तालुक्यात फिशिंग? तिथे पाणी तरी असतं का?” असं म्हणत फ्रेंड्स हसले. पण पाऊस बरा झाला, की सातारा-सांगलीच्या हद्दीवरचा राजेवाडी तलाव शरदात मस्त भरलेला असतो.

माझ्या डोक्यात मात्र स्कॉटलंड होतं. तिथे शरदात सामन मासा अंडी घालायला नदीत चढतो. गंमत म्हणजे नदीत शिरल्यावर तो जवळजवळ काहीच खात नाही. पिसं आणि दोरा गुंडाळलेल्या गळावर, म्हणजे ‘फ्लाय’वर, तो बहुधा चिडून झडप घालतो. म्हणून तिथले लोक आधी पाणी बघतात. पाणी थंड, गढूळ, चढतं असेल तर मोठी फ्लाय आणि नितळ, उतरतं असेल तर लहान. (हॉटेलात ‘इंडियन सामन’ म्हणून मिळतो तो आपला रावस. त्याचं कूळच वेगळं!)

म्हसवडला सामन कुठला? इथे रोहू, कटला, चिलापी. मी ऐटीत सगळ्यात मोठ्या गळाची फ्लाय लावली. दोन तास काही नाही. मामा म्हणाला, “आगं, रोहूचं तोंड बघितलंस का? केवढंसं असतं!” मग मी १० नंबरचा बारीक गळ बांधला, त्याला कणकेची गोळी लावली आणि मोबाईल बघत बसले.

दोरी ताणली तेव्हा उशीर झाला होता. तळहाताएवढ्या रोहूने गळ पार आत गिळला होता. टोकाजवळचा उलटा काटा काही केल्या सुटेना. मासा माझ्या हातातच मेला.

मामा रागावला नाही. एवढंच म्हणाला, “२०१२-१३च्या दुष्काळात आपली जनावरं माणदेशी फाउंडेशनच्या छावणीत होती. प्यायला पाणी नव्हतं, मासा कुठला? आता पाणी आलंय, तर वाढू दे की त्याला.” मग त्याने पक्कड घेतली आणि दुसऱ्या गळाचा उलटा काटा दाबून सपाट केला. संध्याकाळी आलेला रोहू दोन सेकंदांत सुटला आणि शेपटी मारून गेलासुद्धा.

तुम्ही जाणार असाल तर एवढं लक्षात ठेवा. नंबर वाढेल तसा गळ लहान होतो. १० नंबर हा ४ नंबरपेक्षा लहान. पण १/० पासून गणित उलटं, २/० हा १/० पेक्षा मोठा. गळ माशाच्या तोंडाच्या मापाने घ्या, आपल्या हौसेच्या नव्हे. उलटा काटा दाबून टाका, तोंडी एकच टोक असलेला गळ वापरा आणि नजर दोरीवर ठेवा. तलावातली मासेमारी बहुतेक ठिकाणी ठेक्याने दिलेली असते, त्यामुळे आधी परवानगी विचारा.

त्या रात्री मामीने कालवण नाही, पिठलं आणि बाजरीची भाकरी वाढली. मोबाईल मी पिशवीतच ठेवला होता.